प्रश्न कोणी रचायचा?

'संगणक हे शास्त्र आणि वाणिज्य शाखेच्या मुलांचे काम, तुम्ही आपल्या कविता वाचा,' असे कला शाखेच्या विद्यार्थ्याला इतक्या जणांकडून आणि इतक्या आपुलकीने सांगितले जाते, की काही दिवसांनी तो स्वतःच ते इतरांना सांगू लागतो. कवितेविषयी माझी तक्रार नाही. परंतु संगणकाच्या एका कामाबद्दल हे विधान मुळातच चुकीचे आहे असे माझे मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच. ते काम म्हणजे व्यवसायाच्या साठलेल्या नोंदींना प्रश्न विचारणे. त्या क्षेत्रात या प्रश्नाला 'क्वेरी' म्हणतात आणि नोंदींच्या कोठाराला 'डेटा वेअरहाऊस'. क्वेरी रचणाऱ्याला गणित थोडेच लागते. त्याहून अधिक लागते ती भाषा, आणि एखाद्या शब्दाचा अर्थ कोठे सुरू होतो व कोठे संपतो याची जाण.

आधी हे कोठार म्हणजे काय ते सांगतो. गावच्या दुकानदाराकडे दोन वह्या असत. काहींकडे आजही आहेत. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा उतरायचा आणि खतावणीत तोच व्यवहार माणसाच्या किंवा मालाच्या नावाखाली लावायचा. 'अमुक गिऱ्हाइकाकडे दिवाळीपासून किती येणे आहे?' हे रोजकीर्द चाळूनही सांगता येईल, पण त्यासाठी दुकान बंद ठेवावे लागेल! मोठ्या कंपन्यांची अडचण नेमकी हीच होती. बिले करणारा संगणक बिलांत गुंतलेला. त्यालाच पाच वर्षांचा हिशेब विचारला तर गल्ल्यापुढची रांग खोळंबते. म्हणून दिवसाचे व्यवहार तेथून उचलून दुसरीकडे, निराळ्या मांडणीत नेऊन ठेवण्याची पद्धत पडली. बिल इनमन यांनी १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात या कोठाराची चार लक्षणे सांगितली. ते विषयवार लावलेले असते. ठिकठिकाणच्या नोंदी त्यात एका मापाला आणलेल्या असतात. प्रत्येक नोंदीला काळ चिकटलेला असतो. आणि एकदा आत गेलेली नोंद खोडली जात नाही. काव्यशास्त्राच्या तासाला लक्षणे पाठ करणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटावी.

राल्फ किंबल यांची १९९६ च्या पुस्तकातील मांडणी मला अधिक जवळची वाटते. त्यांच्या मते मध्यभागी एक घडलेली गोष्ट ठेवावी, उदाहरणार्थ विक्री, आणि तिच्याबरोबर आकडे: किती नग, किती रुपये. भोवती कोणी, काय, कोठे, केव्हा, यांचे तक्ते चांदणीच्या टोकांसारखे जोडावेत. हे वाचताना मला व्याकरणाचा तास आठवला. क्रिया मध्ये आणि कारके भोवती! 'सभासदाने सकाळी केंद्रावर डेअरीला दूध घातले' हे वाक्य घ्या. सभासद कर्ता, दूध कर्म, डेअरी संप्रदान, केंद्र आणि सकाळ ही अधिकरणे. वाक्यात नाही ती एवढीच गोष्ट की दूध किती आणि त्याला फॅट किती. किंबल यांनी पाणिनी वाचला असावा असे मला सुचवायचे नाही. पण ज्याला कारके ओळखता येतात त्याला हा तक्ता परका वाटणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो. किंबल यांचा आणखी एक आग्रह आहे: तक्ता करण्यापूर्वी त्यातील एक ओळ म्हणजे नक्की काय, ते ठरवा. एक सभासद, की एका सभासदाचे एका वेळचे दूध? हे न ठरवता केलेल्या बेरजा दिसायला बरोबर असतात आणि अर्थाला चुकतात.

प्रश्न विचारण्याच्या भाषेचा इतिहासही आपल्या बाजूने आहे. ई. एफ. कॉड यांनी १९७० साली नोंदी तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची कल्पना मांडली. त्यावर आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली एक भाषा पुढे आणली. तिचे पहिले नाव सीक्वेल, पुढे एसक्यूएल झाले. ज्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही अशा माणसालाही नोंदींना प्रश्न विचारता यावा, हा तिचा एक हेतू होता. म्हणून तिची घडण इंग्रजी वाक्यासारखी आहे: 'निवड लिटरांची बेरीज, दूधसंकलनाच्या तक्त्यातून, जेथे वर्ष २०२४, गट गावानुसार.' गंमत अशी की अर्थाच्या दृष्टीने हे वाक्य या क्रमाने उलगडतच नाही. आधी तक्ता, मग अट, मग गट, आणि निवड त्यानंतर. म्हणजे 'दूधसंकलनाच्या तक्त्यातून, २०२४ सालच्या नोंदी घेऊन, गावानुसार गट करून, लिटरांची बेरीज निवड.' हे सरळ मराठी वाक्य झाले! आपले क्रियापद शेवटी येते आणि येथेही निवडीची पाळी जवळजवळ शेवटीच येते. इंग्रजीच्या धास्तीने या विषयापासून दूर राहणाऱ्या माझ्या मित्रांनी क्वेरी आधी मराठीत लिहून पाहावी.

यावर कोणी म्हणेल, आता हे शिकायचेच कशाला? जर्मनीत १९७२ साली सुरू झालेल्या एसएपी कंपनीच्या वेअरहाऊससाठी अशी साधने आहेत की वाक्य लिहावेच लागत नाही. खिडकीत आकड्यांची आणि लक्षणांची नावे मांडलेली असतात. ती उचलून ओळीत, स्तंभात किंवा गाळणीत टाकली की झाले. आता तर साध्या बोलीत विचारले तरी यंत्र क्वेरी लिहून देते. खरे आहे. पण त्यामुळे जे सोपे होते तेवढेच आणखी सोपे झाले. अवघड भाग होता तेथेच आहे, आणि तो न दिसण्याची सोय मात्र झाली.

तो भाग कोणता, हे एका कल्पित पण अगदी शक्य अशा उदाहरणाने दाखवतो. एका डेअरीची दोन संकलन केंद्रे आहेत. एका केंद्रावर ९०० किलो दूध आले, फॅट ६. दुसऱ्यावर १०० किलो, फॅट ८. कोणीतरी क्वेरी रचली, 'केंद्रांच्या फॅटची सरासरी दाखव'. उत्तर ७ आले. संगणक खोटे बोललेला नाही. ६ आणि ८ यांची सरासरी ७ च होते. त्या हिशेबाने १००० किलो दुधात ७० किलो फॅट हवे. पण पहिल्या केंद्राचे ५४ आणि दुसऱ्याचे ८, असे खरे फॅट ६२ किलोच आहे, म्हणजे खरी सरासरी ६.२. आता डेअरीच्या कार्यालयात बसलेल्या साहेबांपुढे छापील अहवालात ७ आहे आणि प्रयोगशाळेतून ६.२ आले आहे. आठ किलो कोठे गेले? संशय कोणावर जाईल? क्वेरी रचणाऱ्यावर खासच नाही. तो जाईल टँकरच्या चालकावर, नाही तर केंद्रावर माप घेणाऱ्या पोरावर. आठ किलो फॅट कधी अस्तित्वातच नव्हते, ते एका शब्दाने निर्माण केले, हे सांगण्याइतकी भाषा त्या चालकाजवळ नसते आणि ऐकून घेण्याइतका वेळ साहेबांजवळ नसतो. सरासरी कशाची, केंद्रांची की दुधाची, हा षष्ठीचा प्रश्न आहे. विभक्ती चुकली आणि माणूस चोर ठरला.

दुसरा शब्द घ्या, 'चालू सभासद'. समजा, अहवाल रचणाऱ्याने अट घातली की ज्याने ९० दिवसांत दूध घातले नाही तो बंद. अट नीटनेटकी आहे. पण ज्या घरात एकच म्हैस आहे तेथे ती आटली की पुन्हा विईपर्यंत कित्येक महिने केंद्रावर कोणी फिरकत नाही, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. दहा म्हशी असलेल्याची एखादी नेहमी दुभती असते; त्याचे नाव यादीतून कधीच जात नाही. एकीचा मालक, आणि बहुधा मालकीणच, दर खेपेला 'बंद' होते. मग पेंडीची उधारी, बोनस, जे काही त्या यादीवरून ठरत असेल ते तिला मिळत नाही. कोणी ठरवून तिच्यावर अन्याय केलेला नाही. ज्याने कधी म्हैस आटलेली पाहिली नाही अशा माणसाने एक ओळ लिहिली, एवढेच झाले. म्हणून माझे म्हणणे असे की अशा ओळी लिहिण्याच्या ठिकाणी आपल्यासारख्यांनी जाऊन बसले पाहिजे. आपल्या घरांतून कॉलेजात येणारी पहिली पिढी आता येथे आहे. आटलेली म्हैसही माहीत आणि 'बंद' या शब्दाची व्याप्तीही कळते, अशी माणसे त्या कचेऱ्यांत किती असतील?

कधी कधी तर नाव बदलले तरी आकडे हलतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निराळा झाला. एखाद्या कंपनीने २०१३ आणि २०१५ ची जिल्हावार विक्री शेजारीशेजारी मांडली तर ठाण्याची विक्री कोसळलेली दिसेल. वसई-डहाणूच्या जुन्या विक्रीवरही पालघरचे नाव लावले तर तुलना जमते, पण २०१३ साली छापलेला अहवाल आणि आजचा अहवाल जुळत नाहीत. दोन्ही रीती कोठारात रूढ आहेत. यांतली कोणती वापरली हे अहवालावर लिहिलेले नसेल, तर ठाण्याच्या विक्री अधिकाऱ्याने काय करावे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या अहवालावरून कोणाचे पैसे, नोकरी किंवा नाव ठरते, त्याच्या माथ्यावर त्यामागचा प्रश्न साध्या भाषेत छापलेला असावा. कोणाला मोजले, कोणाला वगळले, कोणत्या तारखेपासून. तीन-चार ओळी पुरतात. आकडा हा उत्तराचा भाग आहे. प्रश्न लपवून उत्तर दाखवणे म्हणजे साक्षीदाराला काय विचारले ते न सांगता त्याची साक्ष वाचण्यासारखे आहे. आणि आपल्या अभ्यासक्रमाविषयीही एक सुचवायचे आहे. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र या विषयांच्या जोडीला वर्षातून दहा-बारा तास क्वेरीसाठी मिळावेत. यामुळे कला शाखेचा बाजार होईल अशी भीती काही प्राध्यापकांनी बोलून दाखवली आहे. त्यांच्याविषयी आदर राखून मी म्हणेन की बाजारात अर्थ लावण्याचे काम आजही चालूच आहे, फक्त ते अर्थ लावायला न शिकलेले लोक करीत आहेत.

हे सारे दूर कंपन्यांतच चालते असे मात्र नाही. वार्षिकांकांत प्राचार्यांच्या अहवालात निकालाची टक्केवारी असते. ती कशाची? परीक्षेला बसलेल्यांची, की जूनमध्ये नाव घातलेल्यांची? दोन तक्ते जोडण्याच्या एका रीतीला इनर जॉइन म्हणतात. पटाचा तक्ता आणि गुणांचा तक्ता असा जोडला तर दोन्हींत असलेलेच विद्यार्थी उरतात. जी मुलगी दिवाळीनंतर लग्न होऊन गेली, जो मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला, त्यांची नावे पटात असतात, गुणांत नसतात. म्हणून ती उत्तरातही नसतात. नापासांतही नाहीत. दुसरी रीत लेफ्ट जॉइनची. तीत पटातले प्रत्येक नाव राहते आणि ज्याला गुण नाहीत त्याच्यापुढे 'नल', म्हणजे रिकामी जागा येते. ही रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे परीक्षेला बसून काही आले नाही. नल म्हणजे तो बसलाच नाही. सरासरी काढताना संगणक नल सोडून देतो, त्यामुळे जितके अधिक गळाले तितकी ती वर जाण्याचाही संभव असतो!

आपल्या महाविद्यालयासाठी अशी एक क्वेरी या वर्षी व्हावी अशी माझी विनंती आहे. प्रथम वर्षाच्या पटात नाव आहे आणि द्वितीय वर्षाच्या पटात नाही, असे विद्यार्थी किती, कोणत्या गावांचे, आणि त्यांत मुली किती. नावे छापण्याचे कारण नाही, संख्या पुरे. क्वेरी सहा-सात ओळींची होईल. कार्यालय पट देण्यास तयार असेल तर ती मी सुट्टीत लिहून देईन, आणि तिच्या माथ्यावर प्रश्न मराठीत लिहीन.