पहिली ओळख आणि सोळा वर्षांचा तुरुंगवास

दरोड्याच्या खटल्यात अपिलाचा निकाल बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतो. गुन्हा घडला याविषयी वाद नसतो. आरोपीच तो करणारे होते काय, एवढेच ठरवायचे असते. ही ओळख साक्षीदाराच्या डोळ्यांवर आणि स्मरणशक्तीवर अवलंबून असल्याने तिची पारख किती काटेकोरपणे व्हावी, याचा धडा नाशिकच्या एका खटल्याने घालून दिला आहे.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. माय-लेक तेवढे बचावले आणि तेच पुढे सरकार पक्षाचे प्रमुख साक्षीदार ठरले. भटक्या जमातीतील सहा मजुरांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवून उर्वरित तिघांना जन्मठेप दिली. तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी ठोठावली. तीन न्यायालयांत शिक्षेच्या प्रमाणावर मतभेद झाले, दोषसिद्धीवर मात्र एकमत राहिले.

हे एकमत ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयात कोसळले. बचावलेल्या महिलेला घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अभिलेखावरील गुन्हेगारांची छायाचित्रे दाखविण्यात आली होती. त्यातून तिने चौघांना ओळखले होते आणि हे चौघे खटल्यातील सहा आरोपींपैकी नव्हते. त्यांना अटक का झाली नाही, त्यांच्याविषयी तपास का झाला नाही, याचे समाधानकारक उत्तर सरकार पक्षाकडे नव्हते. पुढे न्यायालयात मात्र या सहा जणांकडे बोट दाखविले गेले. न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने अशा साक्षीवर दोषसिद्धी उभी राहू शकत नाही असे ठरवून सर्वांची निर्दोष मुक्तता केली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि तपासातील कसुरीची जबाबदारी निश्चित करण्याचा आदेशही राज्य सरकारला दिला.

या निकालातून कोणी साक्षीदाराला खोटे ठरवू नये. डोळ्यांदेखत कुटुंब संपलेले पाहणाऱ्या व्यक्तीची स्मृती काळाबरोबर धूसर होणे अस्वाभाविक नाही. म्हणूनच कायदा ताज्या ओळखीला महत्त्व देतो. ओळख परेड हा स्वतंत्र पुरावा नव्हे. न्यायालयातील ओळखीला दुजोरा देण्यापुरते तिचे मोल असते. परंतु पहिली ओळख आणि नंतरची ओळख परस्परविरोधी असतील, तर दुजोरा उरतच नाही, शंका तेवढी उरते. दोषसिद्धीसाठी साक्षीदारांची संख्या नव्हे, तर साक्षीचा दर्जा पाहावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच स्पष्ट केले होते. साक्षीदार पूर्णतः विश्वसनीय वा पूर्णतः अविश्वसनीय नसेल, तेव्हा अन्य स्वतंत्र पुराव्याचा आधार शोधावा लागतो.

उच्च न्यायालयातील अपील म्हणजे खालच्या निकालावर शिक्कामोर्तब नव्हे. संपूर्ण पुरावा नव्याने तपासण्याचा अधिकार आणि कर्तव्य त्या न्यायालयाकडे असते. सर्वोच्च न्यायालय एरवी पुराव्याच्या खोलात शिरत नाही; त्यामुळे उच्च न्यायालयात सुटलेला दुवा पुढे हाती लागणे दुर्मीळच. नाशिकच्या खटल्यात तो लागला, तोही पुनर्विचाराच्या टप्प्यावर. फाशीच्या प्रकरणातील पुनर्विचार याचिका तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकाव्यात, असे घटनापीठाने २०१४ मध्ये ठरविले. त्यानंतर २०१८ मध्ये आधीचा निकाल मागे घेऊन हे अपील पुन्हा ऐकले गेले. दरम्यान फाशी अमलात आली असती, तर ही चूक दुरुस्त होण्यापलीकडे गेली असती.

आरोपी गरीब आणि भटक्या जमातीचे होते, त्यांना खोटे गुंतविले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, याची नोंद न्यायालयाने घेतली. त्यांच्यातील एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सुमारे १६ वर्षांच्या तुरुंगवासाची किंमत पाच लाखांत होत नाही. आणि ज्या कुटुंबावर दरोडा पडला, त्यालाही न्याय मिळाला नाही. कारण चुकीचा आरोपी उभा करणे म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला मोकळे सोडणे होय.

जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. दरोड्यासह हत्येला फाशीपर्यंतची शिक्षा त्यांतही आहे. कलमांचे क्रमांक बदलले, तरी साक्षीदाराचा पहिला जबाब प्रामाणिकपणे नोंदविणे, तो न्यायालयापुढे ठेवणे आणि तो गैरसोयीचा असला तरी त्याचा माग काढणे, हे तपास अधिकाऱ्याचे काम बदललेले नाही. ते तेथे झाले नाही, तर अपिलाच्या प्रत्येक पायरीवर न्यायाधीशाने तेच पान उघडून पाहणे, एवढाच आधार आरोपीला उरतो.