नवे अंगठाबहाद्दर

बँकेच्या नोकरीत मी अंगठ्याचे महत्त्व जवळून पाहिले. ज्याला सही करता येत नसे, त्याचा अंगठा उठवून घ्यायचा, पण त्याआधी कागदात काय लिहिले आहे ते त्याच्या भाषेत समजावून सांगायचे, असा रिवाज होता. खातेदाराचे खरे संरक्षण त्या समजावून सांगण्यात होते. आज आपण सारे सुशिक्षित दिवसभर फोनच्या काचेवर अंगठा टेकवत असतो. कशाला, हे किती जण वाचतात?

स्मार्टफोन म्हणजे फोनची सोय असलेला, खिशात मावणारा संगणक. आयबीएमचा ‘सायमन’ हा असा स्पर्शाने चालणारा फोन १९९४ मध्येच विक्रीस आला होता. पुढे नोकियाच्या फोनमधून सिम्बियन आली, २००७ मध्ये आयफोन आला आणि २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये रचलेला लिनक्सचा गाभा अँड्रॉइडच्या मुळाशी आहे. गूगलने ही प्रणाली फोन बनवणाऱ्या कंपन्यांना खुली केली, म्हणून स्वस्त फोन राजारामपुरीतल्या दुकानांतून थेट गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचले.

सिम्बियन काय, अँड्रॉइड काय, या साऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम. तिचे काम शाखाधिकाऱ्यासारखे. कॅमेरा, माइक, नावनंबरांची यादी, आपण कुठे आहोत याची माहिती ही तिजोरी. ॲप हे बाहेरून आलेले गिऱ्हाईक. त्याला परस्पर तिजोरीला हात लावता येत नाही. पूर्वी अँड्रॉइडवर ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून महत्त्वाची परवानगी गरज पडेल तेव्हा वेगळी मागितली जाऊ लागली. मालकाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क मिळाला.

पण प्रश्नच कळला नाही, तर तो हक्क काय कामाचा? इथे मराठीचा मुद्दा येतो. आपल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. अँड्रॉइडचा सारा कारभार मराठीत दिसण्याची सोय २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत झाली. २०१५ मध्ये मुंबईच्या काही तरुणांनी अँड्रॉइडच्याच पायावर ‘इंडस ओएस’ ही भारतीय भाषांची प्रणाली उभी केली. तिच्यात मराठी होती. म्हणजे सोय झाली आहे. तरीही कितीतरी घरांत आजी-आजोबांचा फोन दुकानदाराने लावून दिलेल्या इंग्रजीतच चालतो. पाटी उमटते, ती नीट कळत नाही, आणि अडलेले काम पुढे सरकावे म्हणून अंगठा पडतो. पेन्शनचे खाते त्याच फोनवर असते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. रयतेने न वाचता कागदावर अंगठा उठवू नये, हाही त्या शिक्षणाचा एक अर्थ होता, असे मी मानतो. आज रविवार आहे. घरातल्या नातवंडांनी आजीचा फोन हाती घ्यावा, सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करावी, आणि कोणत्या ॲपला काय काय देऊन ठेवले आहे ते तिच्याशेजारी बसून वाचून दाखवावे. बॅटरीचा उजेड पाडणाऱ्या ॲपला साऱ्या नातेवाइकांचे नंबर कशाला हवेत, हा प्रश्न मग आजीच विचारील.