ब्लँकेट वेगळं, पत्रिका वेगळी

मराठी विभागात माझं नाव बघून आमच्या कॉन्व्हेंटच्या मुलींना धक्काच बसेल. बसू दे! जे सांगायचंय ते आमच्या ग्रुपवर दोनदा इंग्रजीतून लिहून झालं. पण खोडाळ्याबद्दल इंग्रजीत लिहायला घेतलं की ते एखाद्या एन.जी.ओ.च्या अहवालासारखं वाटायला लागतं. म्हणून म्हटलं, इथेच लिहावं. ऱ्हस्व-दीर्घाचं काय ते संपादक बघून घेतील.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या कॉलेजात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा एक छोटासा प्रार्थना गट आहे. शुक्रवारी प्रॅक्टिकल्स संपली की आम्ही जमतो. एक गिटार, दोन-तीन गाणी, बायबलमधला एक उतारा, त्यावर चर्चा आणि शेवटी प्रत्येकाच्या प्रार्थनेच्या विनंत्या. विनंत्यांमध्ये सत्तर टक्के केटी, वीस टक्के प्लेसमेंट आणि उरलेल्यात कुणाची तरी आजी! असे गट जगभर आहेत आणि खूप जुने आहेत. विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती संघटनांचा जागतिक महासंघ स्वीडनमध्ये १८९५ साली स्थापन झाला. आपल्याकडे कॅथलिक विद्यार्थ्यांची ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन १९२४ साली सुरू झाली, तर युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया १९५४ची. म्हणजे आम्ही काही नवीन फॅड काढलेलं नाही.

तर आता मुद्दा. आमच्या गटात यंदा एक टूम निघाली आहे. नाताळच्या सुट्टीत एखाद्या आदिवासी भागात जायचं, ब्लँकेटं आणि बिस्किटं वाटायची आणि प्रत्येकाला शुभवर्तमानाची एक छोटी पुस्तिका द्यायची. भाग कुठला? तर खोडाळा. कारण मी तिथली!

माझं म्हणणं सरळ आहे. ब्लँकेट द्यायचं असेल तर ब्लँकेट द्या. येशूबद्दल बोलायचं असेल तर बोला. पण दोन्ही एकाच हाताने, एकाच दुपारी, एकाच माणसाला नको. त्यावर मला 'विश्वासात थंड पडलीस' असं ऐकावं लागलं. ठीक आहे, ऐकते. पण माझं कारण थंडीचं नाही, खोडाळ्याचं आहे.

खोडाळा मोखाडा तालुक्यात. पूर्वी ठाणे जिल्हा, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. कसाऱ्याहून विहीगावमार्गे घाट चढून आलं की लागतं. आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. आई सरकारी नर्स, तिची बदली खोडाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. मी मात्र पाचवीपासून बाहेर, कॉन्व्हेंटच्या होस्टेलला. त्यामुळे लहानपणी माझा एक गोंधळ असायचा. शाळेत 'सिस्टर' म्हणजे पांढऱ्या झग्यातल्या, हातात जपमाळ असलेल्या. आणि खोडाळ्यात 'सिस्टर' म्हणजे माझी आई, हातात लसीचा डबा असलेली!

या सिस्टरचं काम मी सुट्टीत जवळून बघितलं आहे. वारली, क ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा सगळ्या पाड्यांवर ती चालत जाते. बाळाला लस टोचली की रात्री ताप येतो. मग पुढच्या वेळी बायका पोराला घेऊन शेतावर निघून जातात. आई परत जाते, ओट्यावर बसते, नागलीच्या पिकाची चौकशी करते आणि लस टोचूनच परत येते. हा विश्वास एका दिवसात नाही मिळत. जव्हारच्या वावर-वांगणीला १९९२ मध्ये कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. त्या भागात सरकारी सुईवर माणसाचा भरवसा बसणं ही केवढी गोष्ट आहे याचा विचार करा.

आता अशी कल्पना करा की त्याच सिस्टरची मुलगी शहरातली पंधरा पोरं घेऊन आली आणि ब्लँकेटात घालून धर्माची पुस्तिका वाटली. संध्याकाळपर्यंत पाड्यावर काय बोललं जाईल? 'सिस्टर यासाठीच येत होती होय!' झालं. पुढच्या लसीकरणाला दारं बंद. आई घरी दोन वेळा प्रार्थना करते, पण ड्युटीवर तिने कधी कुणाला धर्माचा एक शब्द विचारलेला नाही. आणि तरीसुद्धा ती ख्रिस्ती आहे हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. हे कसं काय? तर लोक विचारतात म्हणून. रविवारी आम्ही घरी चटईवर बसून भजनं म्हणतो, शेजारच्या काकू दारात उभ्या राहून ऐकतात आणि मग चहा घेऊन जातात. एवढंच. त्यांचं दैवत वाघोबा, आमचा ख्रिस्त. मोखाड्याच्या बोहाड्याला मुखवटे घालून सोंगं निघतात तेव्हा त्या मला हाताला धरून पुढे उभं करतात, नीट दिसावं म्हणून.

आणखी एक, आमच्या प्लॅनवाल्यांना न सुचलेली गोष्ट. डिसेंबरात पाड्यावर असतं कोण? दिवाळी झाली, भाताची कापणी-झोडणी आटपली की कितीतरी घरं बिऱ्हाड बांधून निघतात. वीटभट्टीवर, बांधकामावर, भिवंडीकडे, वसईकडे. याला आमच्याकडे 'जगायला जाणं' म्हणतात. शब्द ऐका जरा... जगायला! मागे उरतात म्हातारी माणसं आणि काही लहान पोरं. म्हणजे आम्ही ज्यांना पुस्तिका देणार त्यांच्यातले अर्धे वाचू न शकणारे आणि उरलेले नको म्हणू न शकणारे. थंडीने कुडकुडणाऱ्या म्हातारीसमोर ब्लँकेट धरून तिला धर्म सांगायचा, ह्याला संवाद म्हणायचं का?

कायद्याचंही बघू. घटनेच्या २५व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. माझ्या काही मित्रांना हा निकाल आवडत नाही. मला त्यात आपल्याला जाचक असं काही दिसत नाही. आपण सांगायचं, निवड समोरच्याची. पण निवड करायला समोरचा मोकळा हवा ना? पोटाला भूक आणि अंगावर थंडी असताना कसली आलीय निवड!

आणि आपल्या जिल्ह्यात अफवेची किंमत काय असते हे सगळ्या देशाने बघितलंय. १६ एप्रिल २०२०ला डहाणू तालुक्यात गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशा तिघांचा जीव घेतला. अनोळखी गाडी, अनोळखी माणसं, रात्रीची वेळ. म्हणून म्हणते, कुठलंही वाटप असो, न सांगता गाडी घेऊन पाड्यावर जायचंच नाही. मोखाडा पेसाखाली येतो, ग्रामसभा असते. तिच्यासमोर उभं राहून आम्ही कोण, कशाला आलो हे सांगायची आपली तयारी नसेल तर आपण जाऊच नये.

'मग काय, विश्वास लपवून ठेवायचा?' असं मला गटातल्या एकाने विचारलं. प्रश्न चांगला आहे, टाळण्यासारखा नाही. लपवायचा अजिबात नाही. पण घाई कसली? नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. (स्वीडनवाला तो महासंघही त्याच वर्षीचा, गंमत आहे की नाही!) लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, म्हणजे आमच्या खोडाळ्यापासून फार लांबच्या नाहीत. मधल्या काळात त्या आधी नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग एकत्र आल्यावरही आपलं सोवळं सांभाळून राहिल्या. सगळं 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे, होस्टेलच्या मुलींनी जरूर वाचा, हसून हसून पुरेवाट होते. एवढा मोठा कवी, घरात रोज समोर, तरी बायकोचं मन वळायला पाच वर्षं लागली, आणि वळलं ते तिचं तिने विचार करून. आणि आम्ही एका दुपारी बिस्किटाच्या पुड्यावर एका पाड्याचं मन वळवणार!

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आम्ही शुक्रवारी तीनदा तरी वाचली असेल. रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला त्याने उचललं, मलमपट्टी केली, धर्मशाळेत नेलं, दोन नाणी दिली आणि पुढे गेला. त्या माणसाला त्याने काय शिकवलं याचा लूकच्या त्या दहाव्या अध्यायात पत्ता नाही. मला तर ते फार बोलकं वाटतं.

खरं सांगू का, विश्वास लपलेला आहे की उघडा हे कळण्याची जागा पाडा नाहीच, आपली लॅब आहे. मी सिव्हिलची. लेव्हलिंगच्या प्रॅक्टिकलला बॅकसाइट्सची बेरीज वजा फोरसाइट्सची बेरीज, ही वजाबाकी शेवटच्या आणि पहिल्या आर.एल.मधल्या फरकाशी जुळली की गणित बरोबर. आणि सुरुवातीच्या बेंचमार्कवर परत आल्यावर जो फरक पडतो ती क्लोजिंग एरर. ती जास्त आली की काय करतात ते सिव्हिलवाल्यांना सांगायला नको! मधलं एखादं रीडिंग 'शिजवायचं', सर सही देतात, कॅन्टीन. आमच्या गटातली एक मुलगी हे करत नाही. ती संध्याकाळी स्टाफ घेऊन परत ग्राउंडवर उभी राहते. तिच्याबरोबर कुणीतरी उभं राहायला लागतं म्हणून तिची पूर्ण बॅच तिच्यावर चिडते. तिने आजवर कुणाला बायबलचं पानसुद्धा दाखवलेलं नाही. पण 'तू असं का करतेस?' हा प्रश्न पूर्ण वर्गात फक्त तिलाच विचारला गेलाय, आणि तिने उत्तर दिलंय. प्रॉक्सी लावणारा, जर्नल उतरवणारा आणि शुक्रवारी डोळे मिटून गाणारा आमच्यातला एखादा भाऊ खोडाळ्याला जाऊन साक्ष देणार असेल तर मला हसू येतं, काय करू!

हे शिजवलेलं रीडिंग आमच्याकडे फार महागात पडतं. मोखाड्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण खाली काळा खडक आणि वर उतार. पाणी थांबत नाही. कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, २०१४ साली पूर्ण झालेलं. १०२ मीटर उंच, रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटचं, म्हणजे कोरडसर काँक्रीट थराथराने पसरून रोलरने दाबायचं. सिव्हिलवाल्याने बघावंच असं काम. मुंबईला त्यातून दिवसाला साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मिळतं. आणि त्याच तालुक्यातल्या बायका मार्चपासून हंडा घेऊन टँकरची वाट बघतात. त्यांना डिसेंबरात ब्लँकेट द्यायचं हे कुणाच्या डोक्यातून आलं?

म्हणून माझी सूचना. डिसेंबर राहू दे, मे महिन्यात चला, परीक्षा संपल्यावर. जगायला गेलेली माणसंही पेरणीसाठी परतायला लागलेली असतात. लॅबमधून दोन ऑटो लेव्हल आणि स्टाफ मागून घेऊ. ग्रामसभेने हो म्हटलं तर पाड्यांजवळचे झरे आणि विहिरी मोजू. साधं काम आहे. झऱ्याखाली वीस लिटरची बादली लावायची आणि घड्याळ बघायचं. आठ मिनिटांत भरली तर दिवसाला ३,६०० लिटर. माणशी ५५ लिटर धरलं तर ६५ माणसांचं पाणी. झरा पाड्याच्या वर किती मीटरवर आहे हे लेव्हलने कळलं की पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने पाड्यात आणता येईल का तेही कळेल. टाकी आणि पाइप पुढच्या वर्षी, पैसे जमले तर. पहिल्या वर्षी फक्त आकडे. खरे! बादली अकरा मिनिटांनी भरली तर अकराच लिहायचं, आठ नाही.

गटाबाहेरच्या मित्रांनाही हे आमंत्रण आहे. कुणी हिंदू, मुस्लिम, बौद्ध, काहीच न मानणारा, चालेल. लेव्हल वाचता आली पाहिजे. ज्यांना प्रार्थना करायचीय त्यांनी रविवारी सकाळी आमच्या घरी चटईवर या. मराठीतून होते, टाळ आहेत, कुणावर सक्ती नाही. पाड्यावरच्या कुणी विचारलंच तर खरं ते सांगा, विचारलं नाही तर स्टाफ सरळ धरा.

राहायची सोय आई बघते म्हणाली आहे. तिची अट एकच, आरोग्य केंद्राच्या आवारात गिटार नको. तिथे बाळंतिणी झोपलेल्या असतात.