ॲप मराठी आहे, पण त्यातलं अक्षर?



मुलांसाठी एखादं मराठी ॲप निवडताना आपण काय बघतो? चित्रं छान आहेत का, आवाज स्पष्ट आहे का, मध्येच जाहिराती येतात का, नेट नसताना चालतं का. हे सगळं बघायलाच हवं. पण ज्या अक्षरासाठी आपण पहिली-दुसरीच्या मुलाच्या हातात मोबाइल देतो, ते अक्षर मात्र आपण निरखून बघत नाही. मराठी दिसतंय ना, झालं तर मग!

माझं मत असं आहे की वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी फॉन्ट हा पाठ्यपुस्तकाइतकाच महत्त्वाचा आहे. पुस्तकात चुकीचं अक्षर छापलं तर आपण आवाज उठवतो. मग ॲपमधल्या अक्षरालाही तीच कसोटी लावायला नको का? २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचता आलं पाहिजे असं ध्येय ठरलं. तेव्हापासून शाळाशाळांत वाचनाची ॲप वाढली आहेत. म्हणून हा विषय आता मांडावासा वाटतो.

एकच ल, दोन वळणं

आपल्या मराठीत ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणित वर्णमालेचा शासन निर्णय काढला आणि २०२२ मध्ये तो सुधारून पुन्हा काढला. त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीचे मानले आहेत. आपण फळ्यावर हेच काढतो, मुलं पाटीवर हेच गिरवतात.

आता हा लेख मोबाइलवर वाचत असाल तर याच ओळीतला ल जरा जवळून बघा. काहींना पाकळ्यांचा दिसेल, काहींना सरळ दंडाला भिडणारा हिंदी वळणाचा दिसेल. मी दोघांसाठी वेगवेगळा लेख टाइप केलेला नाही! मग असं का होतं?

संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. त्या पद्धतीला युनिकोड म्हणतात. १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी तिच्यात आहे. युनिकोडमध्ये ल चा क्रमांक एकच आहे. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत, सगळ्यांचा ल तोच. क्रमांक फक्त सांगतो की इथे ल आहे. तो कसा दिसावा हे फॉन्ट ठरवतो. बऱ्याच फॉन्टमध्ये मूळ आकार हिंदी वळणाचा असतो. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आणि श वेगळा ठेवलेला असतो, पण "हा मजकूर मराठी आहे" असं ॲपने सांगितलं तरच तो बाहेर येतो. म्हणजे घरात दोन्ही भांडी आहेत, मागितलं ते मिळेल. ॲप बनवणाऱ्याने मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली नाही, तर मांडणीवरचं पहिलं भांडं हाती येतं.

कुणी म्हणेल, हिंदीचा ल काय वाईट आहे? अजिबात नाही. हिंदीचं पुस्तक हातात येईल तेव्हा मूल तोही शिकेल. मुद्दा शुद्ध-अशुद्धचा नाहीच. ज्या वयात मूल एकेका आकाराशी एकेक आवाज जोडतं आहे, त्या वयात फळ्यावर एक ल, पुस्तकात तोच ल आणि गिरवायच्या ॲपमध्ये भलताच ल, हे त्याच्यावर लादलेलं जादा ओझं आहे. त्यात ॲप त्याला बोटाने तो आकार पाच-पाच वेळा गिरवायला लावतं. दुसऱ्या दिवशी मूल वहीत तसाच ल काढतं आणि आपण त्याखाली लाल खूण करतो. मुलाने तर सांगितलं तेच केलेलं असतं.

दर्या आणि दऱ्या

दुसरा प्रश्न त्याहून गंभीर आहे, कारण इथे अर्थच बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं विचारायचं. हा आडवा लहानसा र मराठीची गरज आहे. वाऱ्यावर, तऱ्हा, पायऱ्या, गोऱ्या, असे किती शब्द आपण रोज वापरतो!

फॉन्टमध्ये याची सोय नसेल तर ऱ खाली टिंब आणि पायमोड घेऊन सुटा उभा राहतो, पुढचा य वेगळा पडतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ॲपमधल्या गोष्टीत असा फुटलेला "पायऱ्या" पाहिला आणि "पा-य-र-या" असं वाचून ती थांबली. हाच शब्द फळ्यावर लिहिल्यावर तिने एका दमात वाचला. ॲपने मात्र तिला लाल फुली दिली होती.

असंच ॲ चं. ॲप, ॲम्ब्युलन्स, ॲसिड हे शब्द आता मुलांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधीच्या फॉन्टमध्ये हे अक्षरच नसतं, मग तिथे रिकामा चौकोन येतो. मूल विचारतं, "सर, हा कोणता शब्द?" काय सांगणार?

काही खेळांच्या ॲपमध्ये तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे न येता मागे पडलेली दिसते आणि जोडाक्षरं फुटून पायमोडक्या अक्षरांची रांग लागते. देवनागरीत "कि" टाइप करताना क आधी येतो आणि वेलांटी नंतर, पण दिसताना वेलांटी क च्या आधी उभी राहते. ही अदलाबदल करायला संगणकात अक्षरं जुळवणारी एक वेगळी यंत्रणा लागते. खेळ बनवायच्या काही साधनांमध्ये ती मुळातून नसते, मुद्दाम जोडावी लागते. इंग्रजीत ही अडचण येत नाही. त्यामुळे इंग्रजीसाठी बनवलेला साचा घेऊन त्यात मराठी शब्द ओतले की हा घोळ होतो.

मात्रा कापल्या, शिरोरेषा तुटली

इंग्रजी अक्षरांपेक्षा देवनागरीला उंची जास्त लागते. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार आणि एकाखाली एक जोडाक्षरं. "राष्ट्रीय", "सर्वांचं", "कुटुंब" हे शब्द इंग्रजीच्या मापाच्या ओळीत बसवले की वरचा अनुस्वार तरी कापला जातो नाहीतर खालचा उकार पुढच्या ओळीला घासतो. अनुस्वार गेला की "चिंच" ची "चिच" होते.

दुसरा प्रकार म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजीत त्याने शब्द मोकळा दिसतो. मराठीत शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे तीन तुकडे दिसतात. शिरोरेषा हीच तर मुलाला सांगते की शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला.

तिसरा प्रकार ठळक अक्षरांचा. फॉन्टची ठळक आवृत्ती ॲपमध्ये घातलेलीच नसेल तर मोबाइल साध्या अक्षरालाच फुगवतो. मग घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांच्यातल्या बारीक गाठी आणि फटी बुजतात. नेमक्या याच जोड्यांत मुलं गोंधळतात हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत!

"एवढं काय त्यात?"

हा प्रश्न मला सहकारी नेहमी विचारतात. म्हणतात, मुलं दुकानांच्या पाट्या वाचतात, एसटीवरची अक्षरं वाचतात, फ्लेक्सवरची वेडीवाकडी अक्षरंही वाचतात. वेगवेगळं वळण बघितल्यानेच वाचन पक्कं होतं.

हे खरं आहे, आणि वाचन एकदा जमलं की ते व्हायलाच हवं. तिसरी-चौथीच्या मुलांना मी स्वतः जुन्या मासिकांची कात्रणं आणून देतो. पण विविधता ही पाया घातल्यानंतरची पायरी आहे. पोहायला शिकवताना आपण पहिल्या दिवशी मुलाला पुरात सोडत नाही. शिवाय वेगळं वळण आणि मोडलेलं अक्षर यांत फरक आहे. पाकळीचा ल आणि हिंदीचा ल ही दोन वळणं झाली. फुटलेला "पायऱ्या" किंवा अनुस्वार कापलेली "चिंच" हे वळण नव्हे, ती छपाईची चूक आहे.

आणि आपल्याकडे अक्षराची परंपरा काही लहान नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात मुंबईत देवनागरीचे असे सुबक खिळे ओतले की त्या वळणाचं नाव देशभर झालं. त्या काळी एकेक जोडाक्षर हाताने कोरावं लागे. आज ते काम फुकट मिळणाऱ्या फॉन्टमध्ये तयार आहे आणि तरीही आपली मुलं मोडकी अक्षरं वाचतात. हे पटत नाही.

ॲप बनवणाऱ्यांना विनंती

आता आपल्यातलेच अनेक शिक्षक स्वतः ॲप बनवू लागले आहेत. कौतुक वाटतं. त्यांना आणि बाकी सगळ्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

१) मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा. फोन इंग्रजीत असला तरी ॲपमधल्या मराठी मजकुराला मराठीचा संकेत देता येतो. काम एका ओळीचं आहे, पण फॉन्टमध्ये मराठी आकार आहेत ना हे आधी बघा.

२) फॉन्ट ॲपच्या आतच ठेवा. काही ॲप फॉन्ट नेटवरून मागवतात. वाडीवस्तीवरच्या शाळेत रेंज नसते, मग मोबाइल स्वतःचा कोणतातरी फॉन्ट लावतो आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, बालू असे खुल्या परवान्याचे फॉन्ट ॲपसोबत देता येतात, पैसे पडत नाहीत.

३) ओळीची उंची मोकळी ठेवा आणि अक्षरांमधल्या अंतराला हात लावू नका. वापरणाऱ्याने फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं तर ॲपमध्येही ते मोठं झालं पाहिजे. अँड्रॉइड १४ पासून अक्षर दुप्पट मोठं करता येतं. कमी दिसणाऱ्या मुलाला आणि नातवाला गोष्ट वाचून दाखवणाऱ्या आजीला त्याची गरज असते.

४) जुने कृतीदेव, शिवाजी असे फॉन्ट ॲपच्या मजकुरासाठी वापरू नका. त्यांत इंग्रजी कळांवर मराठी चित्रं बसवलेली असतात. तो फॉन्ट नसेल तिथे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शिवाय मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोयही तिथे चालत नाही, म्हणजे दृष्टिहीन मुलासाठी ते पान कोरंच.

आपण काय तपासायचं?

यासाठी संगणकाचं शिक्षण लागत नाही. दहा मिनिटं आणि पाठ्यपुस्तक पुरे. कोणतंही वाचनाचं ॲप वर्गात किंवा घरी देण्याआधी एवढं बघा:

• ल आणि श पुस्तकातल्यासारखे आहेत का?
• पायऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर हे शब्द अखंड दिसतात का?
• ॲ, ऑ, ळ, क्ष, ज्ञ नीट येतात का?
• राष्ट्रीय, कुटुंब, चिंच यांच्या मात्रा आणि अनुस्वार शाबूत आहेत का?
• घ-ध, भ-म, ष-प या जोड्या हातभर अंतरावरून वेगळ्या ओळखू येतात का?
• नेट बंद करून ॲप उघडल्यावरही अक्षर तसंच राहतं का?

ॲपमध्ये लिहायची सोय असेल तर हे वाक्य टाइप करून बघा: "शाळेच्या पायऱ्यांवर बसून लीलाने ॲपमध्ये राष्ट्रीय पक्ष्याचं चित्र आणि घड्याळ शोधलं." एका वाक्यात बरीच परीक्षा होते.

यात एक-दोन ठिकाणी ॲप नापास झालं तर लगेच काढून टाका असं मी म्हणणार नाही. गोष्टी चांगल्या असतील, आवाज चांगला असेल, तर तो भाग जरूर वापरा. ऐकायला द्या. पण अक्षर गिरवायला आणि पहिलं वाचन करायला ते देऊ नका, त्यासाठी पाटी आहे, पुस्तक आहे. आणि ॲप बनवणाऱ्याला नेमका कोणता शब्द फुटतो ते फोटोसह कळवा. "मराठी नीट नाही" एवढंच लिहिलं तर त्याला काही समजत नाही. शब्द दाखवला तर दुरुस्ती सोपी होते.

जिल्ह्याच्या किंवा केंद्राच्या पातळीवर एखादं ॲप सगळ्या शाळांना सुचवलं जातं, तेव्हाही ही यादी समोर ठेवावी अशी माझी सूचना आहे. पुढच्या शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटं याला द्या. प्रत्येकाने आपल्या वर्गात वापरात असलेलं एक ॲप उघडायचं आणि वरचे सहा प्रश्न तपासायचे. केंद्रातल्या दहा-बारा शाळांनी एकत्र कळवलं तर ॲप बनवणाऱ्यालाही ते बाजूला सारणं अवघड जाईल.