कोरियन चमत्काराचा जमाखर्च

एखाद्या देशाने किती प्रगती केली हे मोजण्याची जी साधने अर्थशास्त्राने सिद्ध केली आहेत, त्यांत एक मोठी उणीव आहे. राष्ट्रीय उत्पन्न, निर्यात, बचतीचा दर यांचे आकडे मिळतात. परंतु ही वाढ ज्यांच्या श्रमातून झाली त्यांनी तिच्यासाठी कोणती किंमत मोजली, याचा रकाना कोणत्याही वार्षिक अहवालात आढळत नाही. दक्षिण कोरियाचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. १९६१ साली लष्करी बंडाने सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांच्या राजवटीपासून या देशाची जी औद्योगिक वाढ झाली, तिला ‘हान नदीवरील चमत्कार’ असे नाव मिळाले. डिसेंबर १९९६ मध्ये हा देश धनिक राष्ट्रांच्या ओईसीडी या संघटनेचा सभासदही झाला. विकासासाठी लोकशाही काही काळ गहाण ठेवली तर बिघडले कुठे, असे सुचवणाऱ्यांना भारतातही हे उदाहरण सोयीचे वाटत आले आहे.

या युक्तिवादाचे सर्वांत परखड उत्तर कोणा अर्थशास्त्रज्ञाने दिलेले नाही. ते २००० ते २०१० या दशकातील कोरियन चित्रपटांनी दिले आहे. गहाण ठेवलेली लोकशाही सोडवून आणताना व्याज कोणी भरले, याचा हिशेब त्यांनी मांडला आहे. जगभर या चित्रपटांचे कौतुक होते ते त्यांच्या तांत्रिक सफाईबद्दल आणि निर्यातक्षमतेबद्दल. त्यांतील हिशेबाकडे मात्र सोयीस्कर दुर्लक्ष होते.

स्वातंत्र्य मिळाले कसे?

हे चित्रपट बाजारपेठेच्या कृपेने निर्माण झाले, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. पार्क आणि त्यांच्यानंतरचे लष्करशहा चुन डू-ह्वान यांच्या काळात पटकथाही तपासली जाई आणि तयार चित्रपटही. जून १९८७ मधील लोकआंदोलनाने अध्यक्षाच्या प्रत्यक्ष निवडणुकीचा हक्क मिळवला. पाठोपाठ जुलै ते सप्टेंबर या काळात कारखान्याकारखान्यांत तीन हजारांहून अधिक संप आणि तंटे झाले. याच वातावरणात तरुण चित्रकर्मींच्या एका सामूहिक गटाने ग्वांगजूच्या हत्याकांडावर ‘ओ, स्वप्नभूमी’ (१९८९) आणि कामगार संघटनेच्या उभारणीवर ‘संपाची पूर्वसंध्या’ (१९९०) हे चित्रपट परवानगी न मागता काढले आणि विद्यापीठांच्या आवारांत दाखवले. पोलिसांनी खेळ बंद पाडले, खटले भरले. त्यांतूनच प्रश्न घटनात्मक न्यायालयापुढे गेला आणि ४ ऑक्टोबर १९९६ रोजी चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरली.

दुसरा आधार होता ‘स्क्रीन कोटा’ या नियमाचा. प्रत्येक चित्रपटगृहाने वर्षाकाठी ठरावीक दिवस देशी चित्रपट दाखवलेच पाहिजेत, असा हा नियम १९६० च्या दशकापासून होता, आणि १९८५ पासून त्याची मर्यादा १४६ दिवस होती. १९८८ मध्ये अमेरिकन वितरण कंपन्यांना थेट प्रवेश मिळाल्यावर देशी चित्रपटांचा बाजारातील वाटा घसरत १९९३ मध्ये सुमारे १६ टक्क्यांवर आला. चित्रकर्मी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी नियमाची अंमलबजावणी करवून घेतली. २००१ पर्यंत हा वाटा निम्म्याच्या आसपास पोचला. तात्पर्य, कोरियन चित्रपटाचा बहर ही लोकशाही चळवळीची आणि सार्वजनिक धोरणाची कमाई आहे.

वीस वर्षे मागे जाणारी आगगाडी

या कमाईचे पहिले मोठे फळ म्हणजे ली छांग-डोंग यांचा ‘पेपरमिंट कँडी’. १ जानेवारी २००० रोजी तो प्रदर्शित झाला. नव्या शतकाच्या स्वागताचे फटाके वाजत असताना या दिग्दर्शकाने प्रेक्षकांना मागे वळून पाहायला लावले. १९९९ च्या वसंतात नदीकाठी काही मध्यमवयीन माणसे सहलीला जमली आहेत. वीस वर्षांपूर्वी सेऊलच्या गारीबोंग या कारखान्यांच्या वस्तीत ती एकत्र काम करीत. त्यांतला योंग-हो हा रेल्वेच्या पुलावर चढतो, आणि परत जायचे आहे असे ओरडत धावत्या गाडीला सामोरा जातो. तेथून कथा उलट्या क्रमाने सात टप्प्यांत १९७९ पर्यंत मागे जाते.

प्रत्येक टप्पा म्हणजे कोरियाच्या इतिहासातील एक नोंद आहे. १९९९ मध्ये तो आर्थिक अरिष्टात धुळीला मिळालेला व्यापारी आहे. १९९४ मध्ये तोच सुस्थितीतला दुकानदार आहे. १९८७ मध्ये तो विद्यार्थी कार्यकर्त्यांचा छळ करणारा पोलीस आहे. १९८४ मध्ये त्याच खात्यात नवखा असताना एका कामगार कार्यकर्त्याच्या छळात त्याचे हात प्रथम बरबटतात. मे १९८० मध्ये सक्तीच्या सैनिकी सेवेतील एक भेदरलेला जवान म्हणून तो ग्वांगजूला पाठवला जातो आणि अंधारात त्याच्या बंदुकीची गोळी एका शाळकरी मुलीला लागते. अखेरच्या टप्प्यात, १९७९ च्या शरदात, त्याच नदीकाठी एक कोवळा कामगार रानफुलांचे छायाचित्र काढण्याची स्वप्ने पाहत बसलेला दिसतो. त्याची मैत्रीण सुन-इम कारखान्यात दिवसाला हजार पेपरमिंटच्या गोळ्या कागदात गुंडाळते. तिने पत्रांतून पाठवलेल्या गोळ्या तो जपून ठेवतो, आणि ग्वांगजूला निघण्याचा हुकूम सुटतो तेव्हा त्या सैनिकांच्या बुटांखाली चिरडल्या जातात.

हा चित्रपट योंग-होला माफ करीत नाही. छळ करणारा पोलीस जन्मतः राक्षस नव्हता, त्याला राजवटीने घडवला, एवढेच तो दाखवतो. मात्र त्याने स्वतःही प्रत्येक वळणावर होकार दिला, हेही तो लपवत नाही. लष्करशाहीचा खर्च केवळ तुरुंगात गेलेल्यांच्या नावावर मांडून भागत नाही. ज्यांच्या हाती दंडुका दिला गेला त्यांचेही माणूसपण त्या खात्यात खर्ची पडलेले असते. त्या माणसाजवळचा शेवटचा ठेवा म्हणजे मरणोन्मुख सुन-इमने परत केलेला कॅमेरा, आणि तो ४० हजार वोनला विकला जातो. चमत्काराच्या अखेरीस हाती उरलेली शिल्लक ती एवढीच.

नाणेनिधीनंतरची माणसे

३ डिसेंबर १९९७ रोजी कोरियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला. १९९८ मध्ये राष्ट्रीय उत्पादन ५ टक्क्यांहून अधिक घटले, आणि एरवी तीन टक्क्यांच्या आत असलेली बेकारी ७ टक्क्यांच्या घरात गेली. सामान्य लोकांनी देशाचे कर्ज फेडण्यासाठी लग्नातल्या अंगठ्यादेखील दिल्या. सुमारे ३५ लाख नागरिकांकडून २०० टनांहून अधिक सोने जमले. त्याच लोकांच्या पदरात फेब्रुवारी १९९८ मध्ये कामगारकपात सोपी करणारा कायदा पडला. सरकार, मालक व कामगार यांच्या त्रिपक्षीय समितीत लढाऊ कामगार महासंघाच्या नेत्यांनी त्याला संमती दिली. तीन दिवसांत महासंघाच्या प्रतिनिधींनी ती संमती फेटाळून लावली व नेत्यांना पायउतार व्हावे लागले. पण कायदा व्हायचा तो झालाच.

या कायद्याखाली चिरडलेली माणसे पार्क छान-वूक यांच्या ‘सिम्पथी फॉर मिस्टर व्हेन्जन्स’ (२००२) मध्ये भेटतात. ऱ्यू हा मूकबधिर कामगार आहे. बहिणीला मूत्रपिंड हवे आहे, आणि त्याला कारखान्यातून काढून टाकलेले आहे. नोकरी जाताना मिळालेले एक कोटी वोन आणि स्वतःचे मूत्रपिंड अवयवांचा चोरटा व्यापार करणारे लोक लुबाडतात. मग इस्पितळात दाता मिळतो. शस्त्रक्रियेचा खर्च असतो नेमका एक कोटी वोन. तो एका कारखानदाराच्या मुलीला पळवतो आणि तेथून सर्वनाशाची मालिका सुरू होते. कामावरून काढलेला दुसरा एक कामगार मालकाच्या मोटारीपुढे सुरीने स्वतःच्याच पोटावर वार करून घेतो.

या चित्रपटात हिंसा फार आहे, संघटित कामगार कोठेच नाही, आणि क्रांतीची पत्रके वाटणारी तरुणी जवळजवळ हास्यास्पद आहे, असा आक्षेप डाव्या विचारांच्या प्रेक्षकाने घेणे स्वाभाविक आहे. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु त्याचा रोख दिग्दर्शकाकडे वळवण्यात अर्थ नाही. वाटाघाटीच्या मेजावर संघटना हरते, तेव्हा एकटा उरलेला कामगार आपला संताप कोणावर काढील? स्वतःच्या पोटावर, नाहीतर कोणाच्या तरी निरपराध लेकरावर. संघटनेच्या अभावाचे हे चित्र आहे, आणि कार्यकर्त्यांनी ते त्या नजरेने पाहिले पाहिजे.

राज्यसंस्थेचे असेच चित्र बोंग जून-हो यांच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) मध्ये आहे. १९८६ ते १९९१ या काळात ह्वासोंग परिसरात झालेल्या स्त्रियांच्या हत्यांवर तो आधारलेला आहे. गावच्या पोलिसांना तपास येत नाही, मारहाण करून कबुलीजबाब घेणे तेवढे येते. खून होण्याचा संभव असलेल्या रात्री ज्यादा तुकड्या मागितल्या जातात, तर त्या निदर्शने दडपायला गेलेल्या असतात. राज्याची सारी ताकद नागरिकांविरुद्ध उभी असल्यामुळे नागरिकांच्या रक्षणासाठी कोणी शिल्लकच नाही! चित्रपटानंतर सोळा वर्षांनी, २०१९ मध्ये, खरा गुन्हेगार उघडकीस आला. आणि याच मालिकेतील एका खुनासाठी वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या निरपराध माणसाला २०२० च्या डिसेंबरात न्यायालयाने निर्दोष ठरवले. पडद्यावरचा आरोप न्यायासनावरून खरा ठरला.

भरपाई आणि क्षमा

ली छांग-डोंग यांचे पुढचे तीन चित्रपट राजकारणापासून दूर गेले असे काहींना वाटते. वास्तविक ते त्याच प्रश्नाच्या अधिक खोलात गेले. ‘ओअॅसिस’ (२००२) मध्ये सेरेब्रल पाल्सीने जखडलेल्या एका तरुणीच्या नावावर अपंगांसाठीचे सरकारी घर मिळते. त्यात राहतो तिचा भाऊ, आणि ती मागे जुन्या खोलीत पडून असते. तपासनीस येणार म्हटले की तेवढ्यापुरते तिला नव्या घरात आणून बसवतात. कल्याणकारी योजना कागदावर पूर्ण होते ती अशी. नायकाने प्रथम तिच्यावर केलेला अत्याचार आणि नंतर फुललेले प्रेम यांची सांगड अनेकांना खटकली, व ती खटकणे योग्यच आहे. पण दोन्ही घरची ‘सभ्य’ माणसे कशावर जगतात, याचे एवढे निर्भीड दर्शन विरळाच.

‘सीक्रेट सनशाइन’ (२००७) यी छोंग-जुन यांच्या १९८५ मधील कथेवर आधारलेला आहे. मुलाचा खून झालेली आई धर्माच्या आधाराने खुन्याला क्षमा करायला तुरुंगात जाते, आणि तो शांतपणे सांगतो की देवाने त्याला आधीच क्षमा केली आहे. ही कथा लिहिली गेली ती ग्वांगजूचे नाव उघडपणे घेणे धोक्याचे होते तेव्हा, आणि तिच्यामागे ग्वांगजूची सावली आहे असे मानले जाते. डिसेंबर १९९७ मध्ये, नाणेनिधीच्या करारानंतर तीनच आठवड्यांच्या आत, चुन डू-ह्वान यांना राष्ट्रीय समेटाच्या नावाखाली माफी देऊन सोडण्यात आले. ज्यांची लेकरे गेली त्यांना कोणी विचारले होते?

‘पोएट्री’ (२०१०) मध्ये हाच प्रश्न पैशाच्या भाषेत येतो. सहा मुलांनी अत्याचार केल्यामुळे एका शाळकरी मुलीने नदीत जीव दिला आहे. मुलांचे बाप उपाहारगृहात बसून हिशेब करतात: मुलीच्या आईला तीन कोटी वोन, म्हणजे प्रत्येकी पन्नास लाख. शाळेचे नाव राखायचे असते, मुलांचे भवितव्य सांभाळायचे असते. त्यांतल्या एका मुलाची आजी मीजा ही घरोघरच्या कामावर पोट भरणारी बाई आहे. तिला स्मृतिभ्रंश जडू लागला आहे आणि ती कविता करायला शिकते आहे. आपला वाटा ती कसाबसा भरते. तरीही अखेरीस पोलीस नातवाला घेऊन जातात, आणि मीजाने लिहिलेल्या एकमेव कवितेत त्या मेलेल्या मुलीला आवाज मिळतो. सगळे व्यवहारी लोक प्रकरण मिटवत असताना विसरू लागलेली एक म्हातारी तेवढी ते लक्षात ठेवते. भरपाई दिली म्हणजे न्याय झाला, या समजुतीला याहून ठाम नकार क्वचितच दिला गेला असेल.

फळ कोणाच्या हाती?

या बहराचे पुढे काय झाले? अमेरिकेशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी सुरू व्हाव्यात म्हणून २००६ मध्ये कोरियन सरकारने १४६ दिवसांची मर्यादा ७३ वर आणली. दुसरीकडे देशी भांडवलदारांनी निर्मिती, वितरण आणि चित्रपटगृहे ही तिन्ही अंगे आपल्या मुठीत घेतली. एकच मोठा चित्रपट शेकडो पडद्यांवर झळकावा आणि लहान चित्रपटाला आठवडाभर जागा मिळू नये, अशी स्थिती आली. देशी उद्योगाला संरक्षण दिले, पण देशी मक्तेदारीला आळा घातला नाही, तर संरक्षणाचा लाभ कोणाला होतो, याचा हा धडा आहे. पडद्यामागच्या कामगारांनी २००५ मध्ये आपली संघटना उभारली आणि २००७ मध्ये पहिला सामुदायिक करार मिळवला. तरीही २०११ मध्ये एक तरुण पटकथालेखिका शेजाऱ्यांकडे भात मागणारी चिठ्ठी लिहून आजारात व दारिद्र्यात मरण पावली. त्यानंतर कुठे कलावंतांच्या कल्याणाचा कायदा झाला. २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ला ऑस्कर मिळाले तेव्हा विषमतेवरच्या त्या चित्रपटासाठी मंचावरून बोलणाऱ्यांत एका बड्या उद्योगसमूहाच्या घराण्यातील व्यक्तीही होती!

सत्तेनेही हे चित्रपट विसरले नाहीत. पार्क चुंग-ही यांच्या कन्या पार्क ग्युन-हे अध्यक्ष असताना हजारो कलावंतांची काळी यादी तयार झाली होती, आणि पार्क छान-वूक यांच्यासारख्यांची नावे तिच्यात होती. २०१७ मध्ये जनतेच्या रेट्यापुढे त्या पदच्युत झाल्या. पुढे ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दुसऱ्या एका अध्यक्षाने लष्करी कायदा पुकारला, तेव्हा सेऊलचे नागरिक त्याच रात्री संसदेकडे धावले आणि काही तासांत संसदेने तो रद्द ठरवला. १९८० मध्ये काय घडले हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले नव्हते, असे कितीतरी तरुण त्यांत होते.

ही स्मृती चित्रपटांनी एकट्याने जागी ठेवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती संघटनांनी, मृतांच्या आप्तांनी, लेखकांनी मिळून जागी ठेवली. पण विकासाच्या आकड्यांपुढे माणसांचा हिशेब मांडण्याचे काम या चित्रपटांनी निष्ठेने केले. म्हणून शाखाशाखांतून, अभ्यासमंडळांतून ते दाखवले गेले पाहिजेत. लोकशाही हा विकासानंतर परवडणारा चैनीचा भाग आहे, असे यापुढे कोणी कोरियाचा दाखला देऊन सांगू लागला, तर त्याला ग्वांगजूला निघालेल्या बुटांखाली चिरडलेल्या त्या गोळ्यांची आठवण करून द्यावी.