दुर्बोधतेचे दोन प्रकार

सैद्धांतिक लेखन इतके कठीण का, असा प्रश्न शाखेत निघाला की दोन ठराविक उत्तरे मिळतात: विषयच गहन आहे, किंवा लिहिणारे बुद्धिजीवी आहेत. अनुवादकाला दोन्ही अपुरी वाटतात. वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना त्यातले काठिण्य विषयाचे किती आणि लेखकाचे किती, हे त्याला सर्वांआधी कळते.

‘कॅपिटल’चा पहिला खंड १८६७ साली जर्मनमध्ये निघाला. मुद्रिते येत असतानाच कूगेलमान या मित्राने पटवून दिल्यावरून मार्क्सने मूल्यरूपाची अधिक सुबोध मांडणी करणारे परिशिष्ट जोडले. फ्रेंच अनुवाद १८७२ ते १८७५ या काळात हप्त्याहप्त्याने निघाला. त्यामुळे ग्रंथ कामगारांच्या हाती पोचेल याचे मार्क्सला समाधान होते; परंतु सुरुवातीची प्रकरणे चढणीची असल्याने उतावीळ वाचकाचा धीर सुटेल, ही भीतीही त्याने प्रकाशकाला कळविली. जोसेफ रॉय यांचा अनुवाद फार शब्दशः वाटल्याने तो सुधारण्यास मार्क्स स्वतः बसला. पहिल्या प्रकरणातील मजकूर काहीसा सपाट करणे भाग पडले, हे त्याने मान्य केले. तरीही जर्मन जाणणाऱ्यांनीही ही आवृत्ती पाहावी, असे त्याचे मत होते.

अर्थात सोपेपणाही फसवा असू शकतो. ‘वरकड मूल्य’ या संज्ञेतील ‘वरकड’ शब्द घरखर्चाच्या हिशेबातला, म्हणून गिरणी कामगाराला परका नाही. पण कोणी त्याऐवजी सरळ ‘नफा’ लिहिले, तर वाक्य सुटसुटीत होईल आणि सिद्धांत बुडेल. नफा, व्याज आणि खंड ही त्या वरकडाचीच वाटून घेतलेली रूपे आहेत. येथे काठिण्य विषयाचे आहे. ते वाचकाला समजावून द्यावे, झाकू नये.

याउलट आमच्याच लेखांत आढळणारा हा नमुना पाहा: ‘भांडवलाच्या पुनर्रचनेच्या प्रक्रियेतून श्रमशक्तीच्या अस्थिरीकरणास चालना मिळत आहे.’ म्हणजे काय? मालक कायम कामगार कमी करून कंत्राटदारामार्फत माणसे आणतो आहे. पहिल्या वाक्यात मालक कोठेच नाही! शोषण जणू पावसासारखे आपोआप पडते. ज्याच्याविरुद्ध लढायचे तोच वाक्यातून निसटला, तर त्या लेखनाला क्रांतिकारक कोणत्या अर्थाने म्हणावे?

अशी वाक्ये मीही मुकाट्याने मराठीत आणली आहेत. यापुढे मात्र मूळ लेखकाकडे ‘कोणी केले?’ एवढे दोन शब्द लिहून पाठविणार आहे. उत्तर येईपर्यंत मजकूर अडला, तर संपादक कॉम्रेडांनी रागावू नये.