अण्णांची पद्मिनी आणि डिस्क ब्रेक

मंडळी, बेळगावच्या आमच्या घरी वडिलांची, म्हणजे अण्णांची, प्रीमियर पद्मिनी अजून चालू आहे. चारी चाकांना ड्रम ब्रेक. गेल्या मे महिन्यात आंबोली घाट उतरताना ड्रम तापले, पेडल दाबूनही गाडी थांबेना. मागे नात बसलेली! दुसऱ्या गिअरवर कशीबशी सावरली.

पुढच्या चाकांना डिस्क बसवतो म्हटल्यावर धाकटा चिडला, “दादा, अण्णांची गाडी बाटवतोस?” अरे, इटलीत खुद्द फियाटनेच १९६६ च्या ११०० आरला पुढे डिस्क दिले होते!

फक्त अर्धवट काम नको. डिस्कला दाब जास्त लागतो. मास्टर सिलिंडर, बूस्टर जुळवून घ्यावेच लागतात. नाहीतर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. खर्चाचं म्हणाल तर असं कर्ज बँकेत मीच नामंजूर केलं असतं. जुने ड्रम माळ्यावर जपून ठेवलेत.

धाकटा मात्र अजून गाडीत बसलेला नाही.